आष्ट्याहून आलेलं तेल

आये,

काल आणि आज मिळून काय काय आलं ते आधी सांगते. बाळाच्या दुधात कालवायच्या पुडीचा एक डबा आला, साडेसहाशे रुपये. फॉस्फरसच्या पुड्यांचं पाकीट आलं, एकशे ऐंशी. त्यातली पुडी उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवायची आणि दिवसभरात थोडी थोडी द्यायची. ड जीवनसत्त्वाचे थेंब, पंचाण्णव. रक्त तपासायला दिलं त्याचे निराळे, ती पावती जावयाकडे आहे. आणि आष्ट्याहून, लेकीच्या सासरहून, एक कॅन आला. घाण्यावरचं करडईचं तेल, काठोकाठ भरलेलं, सोबत पुरचुंडीत आंबेहळद आणि डाळीचं पीठ. त्याला खर्च काही नाही, घरचं आहे. एवढ्या सगळ्यात मला भीती वाटली ती या फुकट आलेल्या तेलाची.

तुझी पत्रं अशीच सुरू व्हायची. मी लग्न होऊन साताऱ्याला आले, तू तिकडे माण तालुक्यात वाडीवरच राहिलीस. तुला अक्षर येत नव्हतं, म्हणून तू सांगायचीस आणि शाळेतले गुरुजी लिहायचे. चहापत्ती पोचली. गूळ पोचला, थोडा पाघळला. लुगडं पोचलं, एवढं महागाचं कशाला घेतलंस. पोचल्याची यादी संपली की पत्र संपायचं, कारण गुरुजींच्या समोर बसून मनातलं कोण सांगणार. माझंही तेच. मी घरातली पहिली मॅट्रिक, पानंच्या पानं लिहिली असती, पण गुरुजी ते ओसरीवर बसून मोठ्याने वाचणार आणि चार बायका ऐकणार हे मला ठाऊक होतं. म्हणून भाव लिहायचे, पाऊसपाणी लिहायचं, आणि शेवटी उलट टपाली खुशाली कळव म्हणून पाकीट चिकटवायचं. आता तुला जाऊन वीसच्या वर वर्षं झाली, गुरुजीही राहिले नाहीत. हे पत्र कोणी वाचून दाखवणार नाही, म्हणून याच्यात विचारते.

मी सध्या सांगलीत आहे. तुझ्या नातीला, तू जिला एकदाही पायांवर घेऊन न्हाऊ घातलं नाहीस तिला, मुलगा झाला. सातवा लागता लागताच झाला. आष्ट्याहून गाडीत घालून तिला इथल्या दवाखान्यात आणलं तेव्हा मी साताऱ्याच्या घरी तांदूळ निवडत होते. ताट तसंच ठेवून निघाले. बाळाचं वजन किलोभरही नव्हतं. काचेच्या पेटीत ठेवलेलं, अंगावरची कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसायच्या, आणि नाकातोंडाला नळ्या. तू असतीस तर बिरोबाला साकडं घातलं असतंस. मी नवस बोलले नाही. एवढ्याशा जिवासाठी देवाशी घासाघीस करायची मला भीती वाटली. नुसतं त्याच्या पुढ्यात नाव घेत बसायचं ठरवलं, ते आजवर पाळलंय.

आत जायचं तर कोपरापर्यंत हात धुवायचे आणि बांगड्या काढायच्या. साबण लावून मी माझा चुडा उतरवला, रुमालात बांधला, आणि मोकळ्या मनगटांनी त्या दारातून आत गेले. कसं वाटलं असेल ते तुला सांगायला नको. विहीणबाईंनी बांगड्या काढायला साफ नकार दिला. ‘सवाष्णीनं भुंड्या हातानं नातवाला बघायचं? ह्ये मला जमायचं न्हाई,’ म्हणाल्या, आणि त्यांनी बाळाला कायम काचेपलीकडूनच पाहिलं. मला तेव्हा त्यांचं बरोबरच वाटलं होतं. पण जवळून न पाहिल्यामुळे त्यांना बाळ फक्त लहान दिसलं. कच्चं आहे हे त्यांना दिसलंच नाही.

पहिले दिवस त्याच्या पोटाला दूध झेपत नव्हतं. म्हणून एक नळी, केसाहून थोडी जाड, दंडातल्या शिरेतून पार हृदयाजवळ नेली होती, आणि तिच्यातून त्याचं सगळं जेवण जायचं. साखर, प्रथिनं, क्षार, सगळं एका पिशवीत. उजेड लागू नये म्हणून पिशवीला खोळ घातलेली. शेजारी दुसऱ्या नळीत दुधासारखं पांढरं काही असायचं, ते तेल आहे म्हणाले, शिरेतून द्यायचं. आये, शिरेतून तेल. मी नुसती बघत राहायची. तिथली डॉक्टर माझ्या लेकीपेक्षा थोडी मोठी असेल, बारीक आवाजाची पोरगी. तिला मी विचारलं, यातून त्याच्या हाडांना काय मिळतं? ती थांबून नीट सांगायला लागली. पोटात असताना शेवटच्या तीन महिन्यांत आई बाळाला हाडांचं सगळं सामान देते, कॅल्शियम आणि फॉस्फरस. हा ते घ्यायच्या आधीच बाहेर आला. आता ते पिशवीतून द्यायचं. पण दोन्ही हवं तेवढं एकत्र घातलं तर एकमेकांना धरतात आणि पांढरा साका बसतो. तसला कण नळीतून आत गेला तर जिवावर बेततं.

‘मग कमी घालता?’ मी विचारलं.

‘जपून घालतो, आजी. एक प्रकारचा फॉस्फरस असतो, तो कॅल्शियमबरोबर साका धरत नाही. तो आपल्याकडे संपलाय. पुण्याहून मागवलाय.’

तो यायला वेळ लागला. तोवर बाळाचं शरीर हाडांतून फॉस्फरस काढून रक्ताला पुरवत राहिलं. मी घरखर्च लिहिणारी बाई, मला हे पटकन कळलं. महिन्याचं भागत नाही म्हणून कोणी ठेव मोडून खातं, आणि वरून बघणाऱ्याला घर चाललेलं दिसतं. बाळाचं वजन वाढत होतं, रंग येत होता, लेक हसायला लागली होती, आणि आत हे चाललं होतं. पुढे बाटल्या आल्या, जावई शिरवळहून कामावरून तसेच पुण्याला जाऊन घेऊन आले. मग दूधही झेपायला लागलं, नळी निघाली. पण छातीचा फोटो काढला त्यात फासळ्या अंधुक दिसल्या, पाण्याने पुसलेल्या पाटीवरच्या रेघांसारख्या. डॉक्टर म्हणाली, मोडलेलं काही नाही, पण हाडं पातळ आहेत. औषधानं भरून येतील. फक्त काही महिने सांभाळायचं. दुपटं बदलताना पाय धरून वर उचलायचं नाही. बगलेत हात घालून उचलायचं नाही. चोळायचं नाही, दाबायचं नाही, हातपाय ओढायचे नाहीत.

मी मान डोलवली आणि माझे अंगठे मुठीत लपवले. कारण मागच्या आठवड्यात सिस्टरने त्याला पहिल्यांदा माझ्या मांडीवर दिलं होतं. एक हात मानेखाली, एक हात ढुंगणाखाली, असं शिकवून दिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, कुठेतरी वर बघत होता. आणि माझ्या नकळत, आये, माझे दोन्ही अंगठे त्याच्या पोटऱ्यांवर गेले आणि वरून खाली सरकले. तू करायचीस तसे. मी कधी कोणाचं बाळ चोळलेलं नाही, तरी अंगठ्यांना ते येत होतं. दाबलं नाही मी. दाबायच्या आत थांबले. पण थांबले ती डॉक्टरच्या सांगण्यावरून नव्हे, तेव्हा तिने अजून काही सांगितलंच नव्हतं. मी थांबले ती तुझ्या एका थपडेच्या आठवणीने.

तू वाडीतली न्हाऊ घालणारी. कोणाकडे बाळंतपण झालं की सकाळी तुला बोलावणं यायचं आणि मी शाळेत जायच्या आधी तुझ्याबरोबर यायची. तू न्हाणीत पाय पसरून बसतेस, लुगडं मांड्यांपर्यंत खोचलेलं, नडग्यांवर बाळ पालथं. पितळीच्या वाटीत तेल. तुझे अंगठे त्याच्या पाठीवरून खाली येतात, मग पोटऱ्या, मग उजवा हात डाव्या पायाला, डावा हात उजव्या पायाला. बाळ रडून रडून लाल होतं आणि मग धुरीचा वास लागला की गपकन झोपतं. बाळंतिणीची सासू म्हणते, ‘हिच्या हाताखालून गेलेलं पोर वाकडं निघत न्हाई.’ तू वर बघत नाहीस, पण तुला ते आवडतं, मला कळतं.

मग ते सातमाशी पोर. पलीकडच्या खोपटातलं, मेंढरं घेऊन हिंडणाऱ्या घरचं. सगळे म्हणत होते जगणार नाही, तर ते महिनाभर जगलं. मऊ लोकरीत गुंडाळून ठेवायचे त्याला. त्याच्या आजीने तुला बोलावलं, ‘आता जरा हातपाय मोकळं करून दे बाई, लय आकसलंय.’ तू रोज जायला लागलीस. मला नेत नव्हतीस, लहान हाय ते, नजर लागंल म्हणायचीस. एक दिवस तू लवकर परत आलीस. वाटीत तेल तसंच होतं. तू ते तेल परत बुधल्यात ओतलंस, वाटी राखेने घासलीस, पुन्हा घासलीस, आणि चुलीपुढे बसलीस. मी विचारलं, काय झालं? ‘काय न्हाई. पाय सुजलाय पोराचा.’ आणखी काही दिवसांनी ते पोर गेलं. लोक म्हणाले दृष्ट लागली, कोणी म्हणाले मुळात दिवसच भरले नव्हते. तुला कोणी काही बोललं नाही. त्यानंतर तू एकाही बाळाला न्हाऊ घातलं नाहीस. बोलवायला आलं की म्हणायचीस, मनगटं दुखत्यात माझी. आणि त्याच मनगटांनी तू रोज ढीगभर भाकरी थापायचीस, आडाचं पाणी ओढायचीस.

थपड त्याच दिवसांतली. आपल्या मेंढीला पिल्लू झालं होतं आणि मी ते नडग्यांवर घेऊन न्हाणी-न्हाणी खेळत होते, तुझ्यासारखे त्याचे पाय ओढत होते. तू कुठून आलीस कळलं नाही. ‘सोड. पाय सोड त्याचं.’ आणि पाठीत अशी बसली की मी धुळीत पडले. तू कधी मारायची नाहीस. मला वाटलं पिल्लाला काही झालं असतं म्हणून. मग माझी लेक झाली, मी बाळंतपणाला तुझ्याकडे आले, आणि तू दुसऱ्या बाईला सांगितलंस. ती न्हाऊ घालत असताना तू दारात बाहेर तोंड करून बसायचीस. जगाच्या पोरांना हिचा हात लागला, माझ्याच पोरीला नाही, हे मी मनात धरून ठेवलं. तू गेलीस तोवर धरून ठेवलं. परवा त्या फोटोतल्या फासळ्या बघितल्या आणि मला पहिल्यांदा वाटलं की तू मनगटांचं खोटं सांगत होतीस.

आता तेलाचं. जावयाने दवाखान्याजवळ एक खोली घेतली आहे, तिथे विहीणबाई आणि मी एका शेगडीवर स्वयंपाक करतो. बाई मनाने मोठी आहे, तोंडाने त्याहून मोठी. मला शेंगांची चटणी आवडते म्हणून रोज करते आणि रोज मला चिडवते, ‘तुमी सातारची मानसं शेंगा मोजून खाताय काय?’ बाळाला दोन दिवसांत घरी न्यायचं ठरलं, तसा त्यांनी तो कॅन मागवून घेतला आणि आष्ट्याच्या न्हाऊ घालणाऱ्या मावशीला फोनवरून सांगून टाकलं. मी म्हटलं, डॉक्टर नको म्हणाल्यात.

‘डाक्टरांचं काय, त्यांची पोरं आया सांभाळत्यात. आवं ताई, तेल न्हाई, शेक न्हाई, मग अंगाला गोलाई कशी येनार? आमच्या ह्याला दोन मावश्या लावल्या हुत्या. म्हनून आज शिरवळला कंपनीत दिवसभर हुबा ऱ्हातोय.’

‘कमरेला पट्टा बांधून उभे राहतात,’ मी म्हटलं.

‘त्यो गाडीवर बसून बसून. त्येलाचं नाव कशाला घेताय?’ त्या हसल्या आणि मीही हसले. मग हसू थांबलं तरी विषय तिथेच होता. म्हणाल्या, ‘मावशीचं पैसं मी देनार हाय. तुमी घाबरू नगा.’

मी लेकीकडे पाहिलं. ती दूध काढून बाटलीवर वेळ लिहीत होती, तिने मान वर केली नाही. तिला त्या घरी राहायचंय. जावयाला फोन केला तर ते म्हणाले, आई आणि तुम्ही बसून ठरवा. मी दोन दिवसांनी साताऱ्याला जाणार, आणि आष्ट्याच्या न्हाणीत ती मावशी पाय पसरून बसणार, आणि तिच्या हाताला कळणारही नाही की नडग्यांवर घेतलं आहे ते काय आहे. डॉक्टरने विहीणबाईंनाही बोलावून सांगितलं होतं, त्या व्हय व्हय म्हणून आल्या होत्या. आणखी कोणाला सांगायचं राहिलं नव्हतं. मला फक्त एकच दिसत होतं. सुजलेला पाय.

काल रात्री विहीणबाई भाकरी थापत होत्या. मी पीठ देत होते. मी म्हटलं, ‘माझ्या आईच्या हातून एक पोर गेलं.’

त्यांचा हात परातीत थांबला.

मग मी सगळं सांगितलं. सातमाशी पोर, लोकर, तेल. आणि पुढे मी थांबले नाही. म्हटलं, पाय ओढताना कडकन आवाज झाला, आईने तो ऐकला. पोर काळंनिळं पडलं. आई घरी आली आणि माझ्यासमोर म्हणाली, माझ्या हातानं मोडलं गं. मरेपर्यंत तिने कुठल्या बाळाला हात लावला नाही. हे सांगताना माझा आवाज स्थिर होता. तव्यावरची भाकरी करपली, ती मी उतरवली. मग त्या म्हणाल्या, ‘तुमच्या आईनं कसं काढलं असंल वो आयुष्य?’ आणि पदराने तोंड पुसलं.

आज सकाळी आमटीला त्या कॅनमधल्या तेलाची फोडणी होती. जेवताना मी वास ओळखला, एवढंच. नंतर जिन्यात उभ्या राहून त्या मावशीला फोनवर सांगत होत्या, ‘नगं येऊस. आमच्या सुनेच्या आजीच्या हातनं पोर मोडलं हुतं. व्हय, मेलं की. मान तालुक्यातली बाई, न्हाऊ घालायची.’ म्हणजे आता आष्ट्यात तुझं नाव असं निघेल. जिथे तू कधी पाऊल टाकलं नाहीस, जिथे तुझ्या हाताखालून गेलेली, नीट चालणारी, मेंढरांमागे धावणारी पोरं कोणी पाहिली नाहीत, तिथे तू पोर मोडणारी बाई झालीस. लेक संध्याकाळी विचारेल, आई, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. काय सांगू तिला?

आवाज मी ऐकला नाही. मी तिथे नव्हते. तू माझ्यासमोर तसं काही म्हणाली नाहीस, पाय सुजलाय एवढंच म्हणालीस. पाय कशानेही सुजतो. कदाचित खरंच मनगटं दुखत असतील. कदाचित त्याच्या आईनेच दुपटं बदलताना उचललं असेल. तुला माहीत नव्हतं, कोणालाच माहीत नव्हतं, तिथे ना फोटो ना रक्त तपासणारं कोणी. सोमवारी त्याच्या रक्ताचा कागद मिळेल. तो चांगला आला तरी अजून काही महिने जपायचंच आहे, आणि मी रात्रंदिवस तिथे असणार नाही.

तसं झालं होतं की नव्हतं, तेवढं उलट टपाली कळव, आये. झालं असेल तर मी पुढे काही विचारणार नाही. नसेल झालं, तर आष्ट्याला जाईन आणि विहीणबाईंसमोर तुझं नाव धुऊन काढीन. पण लगेच जाणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. आधी त्याची हाडं घट्ट होऊ देत. तोवर तुझ्यावरचा आळ मी तसाच ठेवणार आहे.